टेपचं दुसरं टोक

सर, तुमच्या गाडीत सापडलेल्या काचेच्या पट्ट्यांबद्दल मी काकूंशी खोटं बोलले. तिसऱ्या दिवशी सगळे पांगल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची ती गुंडाळी माझ्यापुढे उलगडली. बोटभर रुंद, वीतभर लांब, कडा घासून बोथट केलेल्या चार पट्ट्या आणि गोंदाची अर्धी संपलेली ट्यूब. "वैशाली, हे कशाचं गं असेल? आणि कानोत्याच्या रस्त्यावर यांचं काय काम होतं? त्या दिवशी तर तारीखही नव्हती कुठली." मी म्हणाले, फोटोफ्रेमच्या असतील. काकूंनी मान हलवली, पट्ट्या परत कागदात गुंडाळल्या आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिल्या. मी चहाचा कप उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन विसळत बसले.

बार असोसिएशनच्या मंडळींनी येत्या शुक्रवारच्या शोकसभेसाठी पानभर मजकूर मागितलाय. "फर्म की सक्सेस पर फोकस रखिएगा, मैडम. कारखानीस साहब ने जो पेमेंट के झगड़े सुलझाए, उसकी मिसाल नहीं." ते पान कोणीतरी लिहील. तुमचं शिक्षण, तुमचा स्वभाव, तुमची अपरिमित हानी वगैरे. मला तुमच्याशी सुरू असलेलं भांडण पुरं करायचंय. तुम्ही मधूनच उठून गेलात, आणि ही तुमची जुनी खोड आहे.

तेरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमागे मी अमरावतीहून इथे जयपूरला आले, प्रताप नगरात भाड्याचं घर घेतलं आणि काम शोधत तुमच्या जवाहर नगरच्या घरी पोचले. खालच्या मजल्यावर ऑफिस, वर तुम्ही आणि काकू. माझं हिंदी ऐकून तुम्ही डोळे मिटून हसलात. कोर्टात न्यायाधीशांपुढे "ये बात बराबर नहीं है" म्हणणारी वकिलीण जयपूरने त्याआधी पाहिली नसावी. तुमचं मराठी तरी कुठे धड होतं? वडील फौजेत इंजिनीअर, बदलीवर इथे आले ते साताऱ्याला परत गेलेच नाहीत. त्यामुळे तुमच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "मतलब बघ" अशी. मी "काम करून राहिले" म्हटलं की तुम्ही लगेच "किती दिवस करून राहणार?" असं चिडवायचात. परक्या गावात आपलं बोलणं ऐकून कोणीतरी चिडवतंय, यात किती आधार असतो हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

मग आपण त्या मराठीचा धंद्यात उपयोग करायला लागलो. समोरची पार्टी टेबलापलीकडे बसलेली, आणि आपण हसऱ्या चेहऱ्याने, चहाबद्दल बोलावं तसं बोलायचो, "हा अजून दोन पावलं मागे येईल, थांब जरा." वर्षानुवर्षं कोणाला पत्ता नव्हता. एकदा एका सिमेंटवाल्याचा हिशेबनीस, फौजेतून निवृत्त झालेला मिरजेचा माणूस, कप खाली ठेवत म्हणाला, "दोन नाही साहेब, एकच येणार." तुम्ही खुर्चीतून उठून त्याला मिठी मारलीत. तो वाद त्याच बैठकीत मिटला.

पण आपलं खरं हत्यार तो मोजायचा टेप होता. तुमच्या वडिलांचा, चामड्याच्या गोल डबीतला, पितळी मुठीचा. नगरपालिकेने ठेकेदाराचं बिल अडवलंय, फाइल चार टेबलांवर फिरून जाड झालीय, दोन्हीकडे खुन्नस साचलीय, अशी प्रकरणं आपल्याकडे यायची. कुठे गटार, कुठे पाइपलाइन, कुठे शाळेची भिंत. तुम्ही फाइल बाजूला ठेवून विचारायचात, जागा कुठे आहे? मग दोन्ही पार्ट्या जागेवर. एक टोक ठेकेदाराने धरायचं, दुसरं नगरपालिकेच्या इंजिनीअरने. आकडा तुम्ही मोठ्याने वाचायचा, मी लिहायचा, आणि खाली दोन रकाने, हे टोक कोणी धरलं, ते टोक कोणी धरलं, दोघांच्या सह्या. वर्षभर एकमेकांना नोटिसा पाठवणारी माणसं उन्हात टेपची दोन टोकं धरून उभी राहिली की काहीतरी सैल व्हायचं. अर्धं भांडण तिथेच संपायचं. कचेऱ्यांमधून तुम्हाला "टेप वाले वकील साब" म्हणायचे. तुम्हाला ते नाव पदवीसारखं आवडायचं.

फक्त एका प्रकरणात टेप डबीतून निघाला नाही.

त्या नगरपालिकेचं नाव इथे लिहीत नाही. समझोत्यात गुप्ततेची अट मीच घातली होती आणि सवय सहजासहजी जात नाही. कानोत्याच्या पुढचं छोटं गाव, एवढं पुरे. तिथे गोवर्धनजींनी वाचनालय बांधलं होतं. एक लांबलचक हॉल, मुलांनी दिवसभर बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करावा म्हणून. नगरपालिकेने शेवटचं बिल अडवलं, कारण एका कनिष्ठ इंजिनीअरने शेऱ्यात एक ओळ लिहिली होती: दाराजवळच्या तुळईला टोकाशी तडा, तपासणी व्हावी. नंतर त्याची बदली झाली, तपासणी झालीच नाही. मार्च अखेर तोंडावर होती. महिना सरला असता तर मंजूर निधी परत गेला असता आणि गोवर्धनजींचं बिल आणखी दोन-तीन वर्षं लटकलं असतं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, उन्हात जायला बंदी.

"मतलब बघ, चार दिवस थांबू. पट्टी निघाली की जाऊन येऊ," तुम्ही म्हणालात.

"सर, चार दिवसांत मार्च संपतो."

मी मुदतीवर बोट ठेवलं. तड्याची नोटीस करारात ठरलेल्या मुदतीत दिली गेली नव्हती, म्हणजे कायद्याच्या नजरेत तो तडा नव्हताच. नगरपालिकेला ते पटलं, किंवा पटवून घेणं सोयीचं वाटलं. आणि समझोत्यात मी सातवं कलम लिहिलं. ते मला अजून पाठ आहे. काम समाधानकारक आहे असे मानले जाईल, आणि या कामाची पुन्हा तपासणी कोणताही पक्ष मागणार नाही वा करवणार नाही. एका डोळ्यावर पट्टी असताना तुम्ही दुसऱ्याने ते दोनदा वाचलंत. "झकास लिहिलंयस. कुठे फट म्हणून नाही," म्हणालात आणि सही केलीत. त्याच आठवड्यात पाटीवर तुमच्या नावाखाली माझं नाव लागलं. मी पाटीचा फोटो काढून अमरावतीला आईला पाठवला.

पट्टी निघाल्यावर तुम्ही मला म्हणालात, चल, जाऊन येऊ. मी म्हटलं, मिटलेल्या प्रकरणाच्या जागेवर कोण जातं? तुम्ही एकटेच गेलात. परत आलात तेव्हा गोवर्धनजी ऑफिसात मिठाईचा डबा घेऊन बसले होते. तुम्ही खुर्चीत बसलात, रुमालाने कपाळ पुसलंत आणि अगदी हसत मराठीत म्हणालात, "वैशाली, त्या तुळईचं टोक जाणार."

मीही हसत म्हटलं, "प्लास्टरची चीर असेल, सर."

"प्लास्टरच्या चिरा जाळीसारख्या जातात. ही तिरकी आहे. खांबापासून निघून वर चाललीय. बाबा दाखवायचे आम्हाला अशा. आणि खाली पोरं बसलीत गं, चाळीस-पन्नास."

"मग आपण काय करायचं म्हणता?"

"पत्र लिहू. कलेक्टरला आणि नगरपालिकेला."

"कोणाच्या वतीने? आपला अशील समोर बसलाय. अशिलाने विश्वासाने दिलेल्या कामात त्याच्याच विरुद्ध पत्र लिहायचं? आपल्याच कलमाविरुद्ध? सनद जाईल, सर. तुमची जाईल तर तुम्ही वर जाऊन पेपर वाचाल. माझी गेली तर मी काय करू?"

गोवर्धनजी आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "आपकी भाषा बड़ी मीठी है, साहब," ते म्हणाले आणि डबा माझ्यापुढे सरकवला. मी एक तुकडा उचलला. तुम्ही उचलला नाहीत.

तिथून हे भांडण सुरू झालं. सव्वा वर्ष चाललं. तुम्ही पत्र लिहून काढलंत, खाली सहीसाठी दोन जागा सोडल्यात आणि फोल्डर माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवलंत. "फर्म आता दोघांची आहे. तू म्हणशील त्या दिवशी पाठवू." मी रागावले होते तुमच्यावर. अजून आहे. तुम्ही एकट्याने सही करून पाठवलं असतंत तर मी चार दिवस आरडाओरडा केला असता आणि गप्प बसले असते. निर्णय माझ्या खणात ठेवून तुम्ही मला मान दिलात की शिक्षा, हे मला कळलेलं नाही. तुम्ही मला पोरीसारखं वाढवलंत, मग पोरीला ओढून न्यायला काय झालं होतं?

त्यानंतर दर महिन्याला एक दिवस तुम्ही टेपची डबी घेऊन कुठेतरी जायला लागलात. मी विचारलं नाही. कुठे जाता ते मला ठाऊक होतं.

गेल्या मंगळवारी सकाळी कानोत्याच्या धरणाकडे वळतो त्या फाट्यावर तुमची गाडी कडेला उभी होती. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. शहाळीवाल्याला वाटलं साहेब झोपलेत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. गाडीचं तोंड जयपूरकडे होतं. म्हणजे तुम्ही काम उरकून परत येत होता.

आता जे लिहिते ते काकूंनाही सांगितलेलं नाही. बुधवारी तुमची लेक इरा बेंगळुरूहून पोचली आणि आपण स्मशानाकडे निघायच्या तयारीत होतो. अंगणात माणसं उभी होती. इरा तुमचा फोन घेऊन माझ्याकडे आली. तिचं मराठी तुम्हाला ठाऊकच आहे. "वैशाली ताई, पापांचा फोन... कोणी बंसी सारखा कॉल करून राहिलाय. मतलब, दहा वेळा. मला बोलायला नाही होत आहे. तुम्ही बोला ना, प्लीज." पोरीच्या तोंडात माझं "करून राहिलाय" आणि तुमचं "मतलब" एकत्र ऐकून मला तिथेच रडू आलं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. पडद्यावर नाव होतं, तुम्ही मराठीत टाकलेलं: बन्सी काच.

बन्सी म्हणजे कोण ते मला नेमकं ठाऊक नव्हतं, पण काच कशाची ते ठाऊक होतं. तुम्ही मला सांगितलं होतंत की, कधीतरी जेवताना. तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवतात. काच ताणाला नमत नाही. तडा जागचा हलला की ती तुटते. बाबा पुलांवर लावायचे, म्हणाला होतात. मला सगळं समजलं, सर, त्या एका क्षणात. आणि मी बटण दाबून तुमचा फोन बंद केला. इराला म्हणाले, कोणीतरी ठेकेदार असेल, नंतर बघू. मग मी फोन पर्समध्ये टाकला आणि तुम्हाला पोचवायला गेले.

गुरुवारी तीये की बैठक होती, म्हणजे इथली तिसऱ्या दिवशीची शोकबैठक. जाजमावर ज्यांनी एकेकाळी एकमेकांवर खटले भरले होते ती माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. गोवर्धनजी रडले. खरंच रडले, मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. "साहब न होते तो मेरा तो घर बिक जाता," असं वाचनालयाचं नाव घेऊन सगळ्यांना सांगत होते. दुसऱ्या एका नगरपालिकेचे अधिकारी चपला घालता घालता माझ्याजवळ थांबले. "मैडम, वो जो रीडिंग हॉल वाला सात नंबर क्लॉज है न, ज़रा भेज दीजिए. दो मामलों में लगाना है. एक तो स्कूल ही है." मी हो म्हटलं. तोंडातून आपोआप हो निघालं. संध्याकाळभर मला तुमचा आवाज ऐकू येत होता, कुठे फट म्हणून नाही.

शुक्रवार गेला, शनिवार, रविवार गेला. तुमचा फोन माझ्या पर्समध्ये मुक्यासारखा पडून होता. पर्स उचलली की मला तो जड लागायचा. मी स्वतःला सांगत होते की काच कशानेही तुटते. काल सोमवारी मी खालचा खण उघडला.

पत्राखाली तुमचे तक्ते होते. दर महिन्याचा एक. तड्याची लांबी, रुंदी, बाजूला तुमचं बारीक अक्षर. मी आकडे लिहीत नाही. ते दर महिन्याला वाढत होते, एवढंच. एका तक्त्यावर शेरा होता, गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या बसवल्या, बरोबर याच तुळईवर. आणि प्रत्येकाखाली आपले ते दोन रकाने. एका टोकाला तुमची सही. दुसऱ्या टोकाला वेड्यावाकड्या अक्षरात बंसीलाल. फक्त पहिल्या तक्त्यावर दुसरा रकाना रिकामा होता. त्या दिवशी तुम्ही मला चल म्हणाला होतात. मी आले नाही म्हणून तुम्ही तो रकाना तसाच सोडलात, दुसऱ्या कोणाचं नाव घातलं नाहीत. त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत मी किती वेळ बसले होते कोण जाणे. मग काकूंकडे वर गेले, फोटोफ्रेमवाल्याला दाखवायच्या म्हणून पट्ट्या मागून घेतल्या, टेपची डबी उचलली आणि निघाले.

बंसीलालजी वाचनालयाची देखभाल करतात. साठीचे, डोक्याला पिवळट पगडी. मी डबी हातात घेऊन आत शिरले तशी त्यांनी आधी डबीकडे पाहिलं, मग माझ्या मागे दाराकडे.

"साब कोनी आया?"

साहेब नाही आले का, असं ते विचारत होते. साहेब गेले, मी सांगितलं. ते खाली बसले. मग उठून मला दाराशी घेऊन गेले आणि टेबलावर चढून बोट लावून दाखवलं. तिरका तडा, खांबापासून वर गेलेला, माझी करंगळी जाईल एवढा. त्यावर पट्ट्यांची रांग, जुन्या सगळ्या मधोमध तुटलेल्या, प्रत्येकीखाली पेन्सिलीने तुमच्या हातची तारीख. सगळ्यात वर गेल्या मंगळवारची. तीही तुटलेली.

"साब कह के गए थे, बंसी, यो काँच टूटै तो उसी घड़ी फोन करजे. बुधवार को सवेरे टूट गया. मैंने किया. घणा किया, मैडम जी. पहले घंटी जाती रही, फेर बंद आने लगा." ते टेबलावरून उतरले. "मैंने सोचा, साब नाराज़ हो गया."

तुळईखाली मुलं वाचत बसली होती. बुधवारपासून बसली होती. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. दाराजवळ वारा येतो म्हणून त्या बाजूला गर्दी जास्त. एक मुलगी तुळईच्या अगदी खाली बसून काहीतरी पाठ करत होती, ओठ हलत होते.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. ओरडून नाही, तुमच्यासारखं, हळू आवाजात. मुलं वैतागली. ती तुळईखालची मुलगी पुस्तकं छातीशी धरून म्हणाली, "मैडम, घर में पढ़ने का कोना तक नहीं है. बीस दिन में पेपर है. इसको बंद कराके आपको क्या मिलेगा?" बंसीलालजींनी कुलूप आणलं आणि नोंदवही उघडून माझ्यापुढे धरली. "बंद किसके हुकम से लिखूँ?"

हुकूम कोणाचाच नव्हता. तपासणी मागायचा हक्क कोणालाच उरू नये अशी व्यवस्था मी स्वतः केली होती. मी वहीत माझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सनदेचा क्रमांक लिहिला.

कुलूप लावायच्या आधी आम्ही तडा मोजला. बंसीलालजींनी नेहमीप्रमाणे त्यांचं टोक धरलं आणि पितळी मूठ माझ्या हातात दिली. ती तुमच्या हाताने एका बाजूला गुळगुळीत झालीय. मी आकडा मोठ्याने वाचला, तुम्ही वाचायचात तसा. मग तुमच्या उरलेल्या चारांतली एक पट्टी तड्यावर आडवी लावली आणि खाली पेन्सिलीने तारीख घातली. संध्याकाळच्या आत तुमचं पत्र, तक्ते आणि तड्याचे फोटो दोन्ही कार्यालयांत देऊन पोच घेतली. सहीच्या दोन जागांपैकी एकीवर माझी सही आहे. दुसरी रिकामी ठेवली, तुमची सवय म्हणून.

आज सकाळी नगरपालिकेच्या मुख्य अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांनी मला माझंच सातवं कलम वाचून दाखवलं, सावकाश, एकेक शब्द. "संतोषजनक माना जाएगा. आपका ही लिखा है न, मैडम? तो फिर दरार कहाँ से आ गई? बच्चों के पेपर हैं, ऊपर से शिकायतें आ रही हैं. चार बजे आदमी भेज रहा हूँ, ताला खुलेगा." कलेक्टर कचेरीतून सांगितलं, पत्र पुढे पाठवलंय, तज्ज्ञ येतील, या आठवड्यात किंवा पुढच्या. दुपारी गोवर्धनजींचा फोन आला. आवाज चढला नाही, उलट उतरलेला. "बेटीजी, साहब को गए आठ दिन नहीं हुए. अपनी सनद का तो सोचतीं." मी म्हटलं, सोचा है. सव्वा साल वही सोचा है.

सर, मी हे वाचनालयाच्या पायरीवर बसून लिहितेय. किल्ली माझ्या मुठीत आहे आणि पाठ दाराला टेकलेली. बारवाल्यांसाठी आणलेल्या कागदांवरच लिहितेय. मुलं समोरच्या पिंपळाच्या पारावर सतरंज्या टाकून बसलीत आणि अधूनमधून माझ्याकडे रागाने बघतात. ती मुलगी अजून पाठच करतेय. तुमचा फोन मी सकाळी चालू केला. बंसीलालजींचे बुधवारचे सगळे कॉल एकाखाली एक दिसतात. मी ते पुसणार नाही. काकूंना आज घरी गेल्यावर खरं सांगणार आहे, पट्ट्यांचं आणि या फोनचंही. त्या मला काय म्हणतील ठाऊक नाही.

भांडणाचा निकाल तुम्हाला कळवते. तुम्ही जिंकलात. पण तुम्ही मला एकदाही "बघ, मी म्हणत होतो" असं ऐकवलं नाहीत, आणि आता ऐकवायला नाही आहात, याचा मला जास्त त्रास होतोय. मला हरवून तुम्ही नेहमी कचोरी मागवायचात. ती कचोरी मला हवी आहे.

चारला दहा कमी आहेत. नळाला पाणी आलंय, पंप सुरू झालाय, वर टाक्यांत पाणी चढताना ऐकू येतंय. बंसीलालजी पंप बंद करायला धावलेत, पण पंपाची खोली बाहेर, मागच्या बाजूला आहे. कोपऱ्यावर नगरपालिकेची जीप वळली. तीन माणसं आहेत, एकाच्या हातात हातोडा दिसतोय. मी उठणार नाही.

आत्ता आत काचेचा तुकडा फरशीवर पडल्याचा आवाज आला. बारीकसा. पारावरच्या मुलांनीही माना वर केल्या. पाठोपाठ वाळू गळावी तसं काहीतरी, आणि ते थांबत नाहीये.

मी मुलं मोजली, सर. सगळी बाहेर आहेत. आत कोणी नाही.